मामांना फोन करायचा नाही

नागापूरच्या ज्या कारखान्यात मी पार्ट तपासते, तिथं आमच्या साहेबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढलाय. नाव 'आपला परिवार'. रविवारी दुपारी त्यांचा मेसेज आला की लगोलग सगळ्यांचं 'ओके सर' पडलं पाहिजे. मग मेसेज कामाचा असो, नाहीतर त्यांच्या मेव्हण्याच्या नव्या गाडीचा. वर्षभर मीही होयबासारखं 'ओके सर' करत राहिले. मग कंटाळा आला. कामाचा नाही, त्या 'ओके सर'चा.

तेव्हापासून शिफ्टमध्ये एकही खराब पार्ट पुढं जाऊ द्यायचा नाही आणि शिफ्ट सुटली की ग्रुप उघडायचा नाही, असं ठरवलं. बोलले कुणालाच नाही. खोलीवरच्या पोरींनी मात्र ओळखलं. म्हणाल्या, नसता शहाणपणा करू नको, परमनंटची ऑर्डर निघायचीय तुझी. खरंच होतं. ऑर्डर नाही निघाली तर खोली सोडून गावी जायचं, आणि गावी माझ्यासाठी स्थळं बघून ठेवलेली.

साहेब मला एका शब्दानं काही बोलले नाहीत. रोज माझ्या टेबलावरून जायचे, मान हलवायचे. आणि फोन कुणाला लावला? माझ्या मामांना! मामांचं शेवगावला खताचं दुकान, ही नोकरी त्यांनीच शब्द टाकून लावलेली. मामांनी आईला फोन केला. आई-पप्पा पाथर्डीहून ऊसतोडीला गेलेले, तिनं फडातून मला केला. मामांचा निरोप असा की, पोरीला ग्रुपवर माफी टाकायला सांगा, नाहीतर घरी आणून लग्न उरकून टाका.

तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, काचेपलीकडं बसणारा माणूस शेवगाव आणि उसाचा फड फिरवून माझ्यापर्यंत निरोप पोचवतो! जेवणाच्या सुट्टीत तडक केबिनमध्ये गेले.

"सर, माझ्या कामात चूक असेल तर मला सांगा. मामांना फोन करायचा नाही. ते इथं कामाला नाहीत."

साहेब हसले. म्हणाले, घरचं माणूस समजून केला गं. मी म्हटलं, घरचं नको, कामाचं समजा, तेवढं पुरे. त्यांचं हसू गेलं. मी मागं नाही हटले.

पंधरवड्यानं बाकीच्यांच्या ऑर्डरी निघाल्या. माझी सहा महिने पुढं ढकलली. शेरा होता, 'संवाद कमी'. वाचून आधी हसू आलं, मग बाथरूममध्ये जाऊन रडले. मामांनी तिखटमीठ लावायच्या आत मीच आईला फोन लावला. सगळं सांगितलं आणि विचारलं, येऊ का घरी?



"आमाला मुकादम कवाबी उठीवतो, ट्रक भराया. अंगात ताप असला तरी उठतो आमी," आई म्हणाली. "तू नको उठू. तितंच ऱ्हा. मामाला मी सांगते."