सूर्य, ढग, बल्ब आणि हिरामण

फोटोच्या खुर्चीवर माणूस क्षणभरच गप्प बसतो. त्याच्या आधी आणि नंतर इतकं बोलतो की विचारू नका! मान सरळ करता करता घरातलं भांडण सांगतो, पाकीट हातात घेता घेता मोडलेली सोयरीक सांगतो. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की आम्ही ते रिकामं करत होतो. माझं डोकं कोणी रिकामं केलं नाही. मी चौथी शिकलेली बाई, लिहायला बसलं की बोटं दुखतात. पण आता बसलेच आहे, तर ऐका.

तुमसरला राइस मिलच्या रस्त्यावर आमचा स्टुडिओ होता. फोटोग्राफर माझा नवरा, हिरामण. नाव घेते, लाजत नाही. गोंदिया वेगळं झालं, भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, त्याच्यानंतर काही वर्षांनी आमचा रीळवाला कॅमेरा गेला आणि नागपूरहून डिजिटल आला. नेमकी त्याच सुमाराला हिरामणची शुगर डोळ्यात उतरायला लागली. आंधळं व्हायचं त्याला भेव नव्हतं. "कॅमेरा हातातून गेला त लोक मले काय म्हनून हाक मारतीन?" याचं भेव होतं.

तो कॅमेरा त्याच्या हातात राहावा म्हणून जे जे झालं, त्याचेच हे किस्से. हसायचं तिथं हसा. मीही हसले होते.

*

कॅमेऱ्याचा मेनू सगळा इंग्रजी. हिरामण सातवी, मी चौथी. आम्ही वाचत नव्हतो, चित्रं पाहत होतो. उन्हात काढायचं तर सूर्य. आभाळ आलं तर ढग. घरात बल्ब, नाहीतर ट्यूबलाइट. बरोबर चित्र लावलं की रंग बरोबर येतात. फोटो मोठा साठवायचा की लहान, ते दुसऱ्या पानावर, खालून दुसरं. झालं शिक्षण!

एकदा माझा भाऊ पाहुणा आला. कॉलेज शिकलेला, कशालाही हात लावल्याशिवाय चैन नाही. बटणं दाबून दाबून त्यानं मेनूची भाषाच बदलून टाकली. चिनी की जपानी, कोणास ठाऊक. काड्या रचून केल्यासारखी अक्षरं! भाऊ घामानं भिजला.

"भाऊजी, आता याले नागपूरले न्या लागन!"

हिरामणनं कॅमेरा घेतला, टकटक केलं, सूर्य लावला आणि समोरच्या पानठेल्याचा फस्क्लास फोटो काढला.

"काहून न्याचं? मले इंग्रजी तरी कुठं येत होतं!"

कितीतरी महिने आमचा कॅमेरा चिनीतच चालला.

*

"गोरी करा!" हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही तो फोटोग्राफरच नव्हे.

एक बाप पोरगी घेऊन आला. दिघोरीकडचं स्थळ होतं. पोरगी सावळी, नाकीडोळी नीटस. बाप म्हणे, "भाऊ, जराशी उजेडात आना तिले." मी म्हटलं, "काकाजी, पोरगी द्याची आहे का भिंत रंगवाची आहे?" हिरामणनं मला डोळ्यानं दटावलं. गिऱ्हाईक होतं ना! त्यानं मेनूत जाऊन उजेड वाढवला, रंग फिका केला. पोरगी चुन्यातून काढल्यासारखी आली. बाप खूश.

पाहुणे आले, पोहे खाल्ले, पोरगी पाहिली, फोटो पाहिला. त्यातल्या एकानं तिलाच विचारलं, "तू लहान बहीण काय?" उठून गेले.

काही दिवसांनी ती पोरगी एकटीच सायकलनं आली. सायकल लावली, येऊन खुर्चीवर बसली.

"मामी, आता माहा फोटो काढा."

"मंग मागच्या वेळी कोनाचा काढला होता वो?"

"तो बाबाचा होता."

*

हा किस्सा मी कोणाला सांगत नाही. पण आता सांगते.

पहिल्या पहिल्यांदा आमच्याकडं कार्ड एकच, तेही बारकं. जास्त फोटो बसावेत म्हणून हिरामण सगळ्यात लहान साइजवर काढायचा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोत कोणाला काय कळतं?

एका गावचं लग्न आम्ही काढलं होतं. त्यात मागच्या रांगेत एक तरणा पोरगा उभा होता. पुढं धानाच्या रोवणीच्या दिवसात शेताच्या धुऱ्यावर साप चावून तो गेला. त्याचा बाप आमच्याकडं आला. घरात पोराचा दुसरा फोटोच नव्हता. त्या घोळक्यात डाळीच्या दाण्याएवढं तोंड, तेवढंच. "एवढंच मोठं करून द्या बापा, भिताडाले लावतो."

हिरामणनं मोठं केलं. चेहऱ्याच्या फरशा झाल्या. चौकोन, चौकोन, चौकोन. लहान साठवलेला फोटो मोठा होत नसतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, "काकाजी, नका घेऊ हे. याच्यात काही नाही."

म्हाताऱ्यानं फोटो हिरामणच्या हातात दिला, म्हणाला, "असाच धरून राह्य." आणि मागं मागं सरकत गेला. पायरी उतरला. रस्ता ओलांडला. पानठेल्याजवळ जाऊन उभा राहिला, डोळ्यावर हात धरला.

"इथून दिसते!" तिथून ओरडला. "हिरामण, इथून माहा पोरगा दिसते!"

ये-जा करणारे लोक थांबून पाहायला लागले. हिरामणनं फोटो खाली केला नाही.

त्याच दिवशी त्यानं साइज सगळ्यात मोठी केली. कार्ड भरलं तर भरलं! पुन्हा कधी लहान केली नाही. पुढं त्या गावाला मी एकदा गेले होते. फोटो ओसरीत लावलेला. आणि म्हाताऱ्याची खाट आंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, गोठ्याजवळ.

*

मग निळ्याचं झालं.

आम्ही बौद्ध. आमच्या लग्नात नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कपड्यात. फोटोग्राफरची सगळी परीक्षा त्या एका रंगात. पांढरं पांढरं आलं पाहिजे, पिवळट नको, काळपट नको. हिरामणचं पांढरं म्हणजे तुमसरात नाव होतं.

एका लग्नाचा अल्बम तयार झाला. नवरीकडचे पाहायला आले आणि सगळे एकमेकांकडं बघायला लागले. नवरीची साडी निळी! धुण्यात निळीचा हात जास्त पडावा तशी. नवरीची आत्या मोठी तोंडाळ. म्हणाली, "भाऊ, झेंडा आपला निळा आहे, हे मान्य! म्हनून का नवरीबी निळी कराची?"

सगळे पोट धरून हसले. मी हसले. हिरामणही हसला.

ते गेल्यावर त्यानं मला जवळ बोलावलं. "सांग बरं, निळी कोनती आहे याच्यात? मले त साडी पिवळीच दिसून राहिली. म्हनून त मी रंग निळ्याकडं ढकलला. अजून ढकलू का?"

माझं हसू तिथंच मेलं.

नागपूरच्या डॉक्टरनं त्याच्या डोळ्यात बत्ती मारली आणि मलाच झापलं, "इतके दिवस काय करत होता? गेलेलं येणार नाही. राहिलेलं सांभाळा." परतीच्या एसटीत, भंडारा मागं पडल्यावर हिरामण म्हणाला, "गावात नको सांगू."

"नाही सांगत."

"आन तूबी विसरून जाय."

*

गावात बात फुटायला काय लागतं? बाजारात एका बाईनं मला तोंडावर विचारलं, "हिरामणभाऊले दिसत नाही म्हनते?"

माझं डोकं फिरलं. हे काम राजूचंच! राजू म्हणजे स्टेशनकडच्या रस्त्यावरचा दुसरा स्टुडिओवाला. पहिले हिरामणच्याच हाताखाली शिकला, मग आपलं दुकान थाटून बसला. मी पदर खोचला आणि त्याच्या दुकानात गेले. आत गिऱ्हाईक बसलेलं होतं. बसू दे!

"काय रे राजू, आमची गिऱ्हाइकी खाची आहे त खा, पन माह्या मानसाच्या डोळ्यावर कायले बसला? डोळे बांधून उभा केला ना त्याले, तरी तुह्यापेक्षा बरा फोटो काढन तो!"

राजू खाली पाहत म्हणाला, "हो भाभी. ते त आहेच."

भांडायला गेलं आणि समोरचा हो म्हणाला, तर बाईनं करायचं काय? मी तशीच परत आले. रस्ताभर वाटलं, जास्त बोलले काय? मग वाटलं, नाही, बरोबर बोलले.

*

तेव्हापासून मेनू माझा आणि बटण त्याचं.

सकाळी मी आभाळ पाहत होते. ऊन असलं तर सूर्य लावून देत होते, आभाळ असलं तर ढग. "अजी, मांडवात गेले की चाक उजवीकडं दोन घरं फिरवजा, ट्यूबलाइट येते." त्याच्या बोटाला सगळं ठाऊक होतं. लग्नघरचे गाडी घेऊन त्याला न्यायला येत. कमाल आहे, आता घरी पोचवायलाही येत! मी दुकान सांभाळत होते.

स्टुडिओत एकदा मोठं कुटुंब फोटोला बसलं. हिरामणनं सगळ्यांना ओळीनं बसवलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि थांबला.

"डावीकडची मावशी हसून नाही राहिली."

खरंच हसत नव्हती. ते गेल्यावर मी विचारलं, "तुमाले कसं दिसलं जी?"

"दिसलं कुठं? ऐकू नाही आली."

पण लग्नाचे फोटो काही ऐकून निघत नाहीत. कुठं नवरदेव अर्धा, कुठं नुसता मांडवाचा खांब. मी त्यातले बरे बरे निवडून पाकिटात भरत होते आणि भांडायची तयारी करूनच गिऱ्हाइकाच्या हातात देत होते. कोणी भांडलं नाही. "छान आहे बाई," म्हणायचे आणि जायचे. मला वाटलं, माझ्या तोंडाला भेतात. भेलेच पाहिजे!

*

आता शेवटचा.

चिखल्याच्या खाणीच्या कॉलनीतून एक सून आली. तिच्या दिराचं लग्न हिरामणनंच काढलं होतं. सासू आता वारली होती आणि कार्यक्रमाला मोठी फ्रेम पाहिजे होती. तिनं थैलीतून फोटो काढून माझ्या हातात दिला.

मी पाहतच राहिले. सासूबाई नवरीजवळ उभी, तोंडावर हसू. नवरीची साडी दुधासारखी पांढरी. डोकं कापलेलं नाही, काही नाही. मी म्हटलं, माझ्या माणसानं काढला! मग फोटो उलटा केला. मागं राजूच्या स्टुडिओचा शिक्का.

त्या सुनेचं तोंड उतरलं. "बाई, चुकून हा आला माह्या हातात... पन फ्रेम तुमीच करा. सासू सांगून गेली, फ्रेम हिरामणभाऊच्याच इथची पाहिजे."

मी दुकानाला कडी लावली आणि राजूकडं गेले. फोटो त्याच्या टेबलावर ठेवला. "हे काय आहे?"

राजूनं कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला आणि एकेक फोटो पुढं करत गेला. चिखल्याचं लग्न. मग दुसरं, मग तिसरं. ज्या ज्या लग्नाला मी सकाळी सूर्य लावून दिला होता, ढग लावून दिला होता, ती सगळी लग्नं. नवरीनवरदेव, मामामामी, आजाआजी, सगळे हसतमुख, आणि सगळ्यांची नजर जराशी बाजूला. राजूच्या कॅमेऱ्यात कोणीच पाहत नव्हतं. खालच्या कोपऱ्यात कुठं पाठमोरा खांदा, कुठं पिकलेल्या केसांचं डोकं. ते हिरामणचं होतं. सगळे त्याच्याकडं पाहून हसत होते.

"कवापासून?" मी विचारलं.

"लोकच बोलावते भाभी. म्हनते, फोटो भाऊच काढन, तू मांगून काढ. आन भाऊले कळू देऊ नको."

"आन मले काहून नाही सांगितलं?"

"तुमाले त आनखीनच नाही!"

तिथं मला हसू आलं की रडू, ते राजूला विचारा. पदरानं तोंड पुसलं आणि घरी आले. रस्त्यात पक्कं ठरवलं होतं, हिरामणला यातलं एक अक्षर सांगायचं नाही.

हिरामण दारात बसून कॅमेऱ्याची काच पुसत होता. माझी चप्पल वाजली तशी त्यानं मान वर केली.

"राजूकडं गेली होती?"

मी चप्पल काढता काढता थांबले.

"साडी पांढरी आली काय?"

"आली."

त्यानं काचेवर फुंकर मारली, पुन्हा पुसली.

"मंग त्याले एक सांगजो. काढताना अजून थोडा वर चढून उभा राह्यजो म्हनाव. मधात माहं डोकं येत असन."