परस्पर बदललेले जेट

माझ्या गाडीच्या कार्बोरेटरला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हे मी लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात सासरी सांगितलं होतं. हसत सांगितलं, म्हणून कुणी मनावर घेतलं नसावं.

गाडी म्हणजे माझ्या वडिलांची मोटरसायकल. दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, कंपनीने बनवणं केव्हाच बंद केलेली. मला ती चालवायला शिकवण्याआधी वडिलांनी ट्यून करायला शिकवलं. दोन सिलिंडरना दोन कार्बोरेटर, आणि दोघांचं एकमेकांशी जुळलं पाहिजे. इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टर काढून मी दोन्हींच्या तोंडात बोट घालायची. वडील सावकाश थ्रॉटल पिळायचे. आतल्या दोन्ही स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या झडपा, एकदमच वर सरकतात का, ते मी बोटांनी ओळखायचं. एक मागे राहिली की तिच्या केबलचा स्क्रू किंचित फिरवायचा. मग इंजिन गरम करून दोन्हींचं आयडलिंग वेगवेगळं लावायचं, आणि शेवटी दोन्ही सायलेन्सरच्या मागे तळहात धरायचे. ठोके दोन्हीकडे सारखे लागले की काम झालं.

वडील गेले आणि गाडी माझ्याबरोबर नारायण पेठेत आली. दर रविवारी सकाळी मी खाली बसून हे सगळं करायची. जाणारे-येणारे बघायचे. माझे मोठे दीर गॅलरीतून बघायचे. त्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं. मत मात्र होतं. "अ‍ॅव्हरेज काय देते गं ही?" हा त्यांचा एकच प्रश्न. मी सांगितलं की ते मान हलवायचे, जणू मीच पेट्रोल पिते.

त्या शनिवारी मी नणंदेला मागे बसवून नसरापूरला निघाले होते. ती तेव्हा कॉलेजात होती आणि मला या घरात सगळ्यात जवळची. स्वारगेटपर्यंत, कात्रजपर्यंत गाडी नेहमीसारखीच चालली. घाट चढताना मी थ्रॉटल पूर्ण पिळला. आवाज एकदम कोरडा झाला, आणि मला काही कळायच्या आत मागचं चाक जाम झालं. मी क्लच दाबला, पण गाडी आडवी झालीच होती. मला खरचटलं. नणंदेचं मनगट मोडलं.

दवाखान्यात मोठे दीर आले, बहिणीचं प्लास्टर बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तरी मी सांगत होतो, बायकांनी एवढी दांडगी गाडी चालवू नये."

नणंदेचं हे माझ्यामुळे झालं, असंच तेव्हा मलाही वाटत होतं.

टेम्पोत घालून आणलेली गाडी मी दुसऱ्या दिवशी उघडली. उजव्या पिस्टनवर उभे ओरखडे होते. पेट्रोल कमी पडून इंजिन तापलं की असं होतं. म्हणून कार्बोरेटर खाली काढले. दोन्हींतले मुख्य जेट, म्हणजे इंजिनला पेट्रोल सोडणाऱ्या भोकाच्या पितळी पुळ्या, माझे नव्हतेच. कितीतरी बारीक भोकाचे होते. गावात हळू चालवताना ते कळायचं कारण नाही. पूर्ण थ्रॉटलवरच त्यांची गरज लागते. म्हणजे बरोबर घाटात.

दोन्ही जेट तळहातावर घेऊन मी वर गेले. सगळे चहाला बसले होते.

"भाऊजी, हे कुणी बदलले?"

"अगं, परवा तू कामावर बसने गेलीस ना, तेव्हा बुधवार पेठेतल्या एका ओळखीच्या मेकॅनिककडे नेली होती. अ‍ॅव्हरेज वाढेल म्हणाला." कप खाली ठेवायचीही त्यांना गरज वाटली नाही. "सरप्राइज द्यायचं होतं."

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस का?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो बशीतल्या बिस्किटाकडे बघत होता. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे आता. त्याने काय मुद्दाम केलं? थोडक्यात निभावलं."

तेवढ्यात नणंद दारात आली, गळ्यात अडकवलेला हात सांभाळत. "आई, हात माझा मोडलाय. जाऊ दे म्हणायचं तर मी म्हणेन. तू नाही. आणि मी म्हणत नाहीये."

दिरांनी मग कप खाली ठेवला. तिला सॉरी म्हणाले. मला नाही. मला आजवर नाही.

नवा पिस्टन मिळेपर्यंत पावसाळा उलटला. इंजिन मी पुन्हा बांधलं, कार्बोरेटर पुन्हा जुळवले, आणि गाडी ऑफिसच्या आवारात ठेवायला लागले. नवरा म्हणाला, "किती ताणतेस!" त्या बिस्किटाची आठवण करून दिल्यावर तो विषय त्याने पुन्हा काढला नाही.

गेल्या वर्षी एका लग्नात, पंगतीत, दीर शेजारच्याला तो किस्सा रंगवून सांगत होते. "जुनी गाडी हो, भर घाटात दगा दिला."

"गाडीने नाही दिला, भाऊजी," मी समोरच्या पानावरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "जेट तुम्ही बदलले होते. मला न विचारता."

मठ्ठा वाढणारा थबकला. दिरांनी जिलबी मोडली आणि ते कॅटररबद्दल बोलायला लागले. सासूबाई माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होत्या. मी त्यांच्याकडे तशीच बघत राहिले.