रडण्याची मास्तरीण

फुलसावंगीजवळच्या तांड्यात सुखीबाईइतकी हसरी बाई दुसरी नव्हती, आणि तिचं काम होतं लोकांच्या लेकींना रडायला शिकवण्याचं. बंजाऱ्यांची नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. ते नुसतं हुंदके देणं नव्हे. त्याला चाल असते, शब्द असतात. आईपाशी काय म्हणायचं, भावापाशी काय, हे यावं लागतं. लग्न ठरलं की पोरी सुखीबाईच्या ओट्यावर येत. एखादी लाजून पुटपुटली की ती म्हणे, "अवं, बाप सोडून चालली तू, बकरी नाही."

मग महाराष्ट्र राज्य झालं, तांड्यापर्यंत सडक आली, आणि त्या सडकेनं सुधारणा येऊन थेट तांड्याचा नायक रूपसिंग याच्या घरी उतरली. त्याची लेक बिजली उन्हाळ्यात नवरी होणार होती. "उमरखेडचा बँड आणतो," त्यानं जाहीर केलं. "रडारडी बंद. लोक हासतात आपल्याले." नायकाच्या घरी ढावलो बंद म्हणजे तांड्यात बंद. उद्या आपल्या ओट्यावर कोण येणार, या विचारानं सुखीबाईचं हसू जरा आटलं.

अशात नागपूरच्या रेडिओचं बोलावणं आलं. गावोगावच्या कलावंतांशी गप्पांचा कार्यक्रम होता. फुलसावंगीच्या हेडमास्तरांनी तिचं नाव कळवलं होतं. रूपसिंग म्हणाला, "काकी, मी येतो संगं. तिथं मान भेटला तं बिजली शिकन. नाही तं बँड."

स्टुडिओ म्हणजे गोधडी पांघरलेली खोली. समोर सदाशिवराव नावाचे साहेब, बोलण्याआधी घसा खाकरणारे.

"ही कला आपण कोणाकडून शिकलात?"

"याडीपासून. तुमच्यात माय म्हणतात."

"गाताना आपल्याला काय वाटतं?"

"गात नाही न मी. रडतो."

"मग," साहेब फार अदबीनं म्हणाले, "थोडं रडून दाखवता का?"

सुखीबाईनं खोलीभर नजर फिरवली. "कोनाच्या गळ्यात पडू?"

साहेबांनी मायक्रोफोनकडे बोट दाखवलं. तिनं त्याला कवटाळलं. काचेपलीकडच्या माणसानं कानावरचं यंत्र विंचू चावल्यासारखं उपटून फेकलं.

"हा थंडा हाये," सुखीबाई म्हणाली. "याले ना पोरगी, ना बहीण. याच्यापाशी कायले रडू?" तिनं सदाशिवरावांकडे पाहिलं. त्यांनी खुर्ची भिंतीपर्यंत मागे नेली. उरला रूपसिंग, कोपऱ्यात, नव्या पागोट्यात.

"मी नाही," तो म्हणाला. "मी नायक हाओ."

"आता तू बाप हायेस. ये इकडं."

तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लेकीचा सूर लावला. बापू, उद्या तुझे बैल पाण्यावर कोण नेईल? वावरातून आल्यावर तू कोणाला हाक मारशील? रूपसिंगानं आधी छताकडे पाहिलं. मग मिशी सारखी केली. पण त्याचे बैल रोज बिजलीच पाण्यावर नेत होती. घाटात अडकलेल्या ट्रकासारखा एक आवाज त्याच्या छातीतून निघाला आणि काही केल्या थांबेना.

"पुन्हा घेऊ या का?" सदाशिवराव म्हणाले. "नायकसाहेबांचा आवाज आलाय."

"राहू द्या," सुखीबाई डोळे पुसत म्हणाली. "तो आला नाही तं मी वाया रडली."

साहेबांनी तो राहू दिला आणि बराच वेळ चष्मा पुसला.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी सगळा तांडा ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे बसला. तो आवाज येताच रूपसिंगाची बायको रामीबाई दचकली. "हे कोन हंबरलं?"

"मले सर्दी झालती," रूपसिंग म्हणाला. हसलं मात्र कोणी नाही. म्हाताऱ्या पदरानं डोळे पुसत होत्या, आणि ज्यांच्या लेकी नांदायला गेल्या होत्या ते बाप्ये उगाच जमिनीकडे पाहत होते.

सकाळी बिजली ओट्यावर हजर. "बापूनं धाडलं."

"अन् बँड?"

"तोबी येऊन राह्यला. बापूनं सांगून देल्लं त्याइले."

"येऊ दे," सुखीबाई खदखदून हसली. "मंग बँडाच्या वरून ऐकू जाईन असं रडा लागन तुले. बस इथं. पड माह्या गळ्यात."