खालून डोंगर बघणारे आबा

आबा डोंगर नेहमी खालून बघत. चोपड्याच्या वर सातपुड्यात वणव्यावर नजर ठेवणारा मनोरा कुठे बांधायचा, हे ठरवायला मी जळगावहून लॅपटॉप घेऊन गेले, तेव्हा वनखात्याच्या साहेबांनी वाट दाखवायला हे म्हातारे वनमजूर दिले. मी सगळ्यात उंच शिखर शोधत होते. आबा मात्र एका नाल्यात उतरून, मान वर करून उभे. म्हणाले, "जठे आग लागस तठे उभी ऱ्हाय, पोरी. जो डोंगर तुले दिसस, त्याले तू बी दिसस."

माझं काम खुर्चीतलं. उपग्रहाने मोजलेल्या उंचीवरून संगणक सांगतो, अमुक जागेवरून काय दिसेल. दिसणारं हिरवं, आड गेलेलं करडं. आबांना त्या पडद्याचं भारी कौतुक, पण शंका काढायला ते मागे नसत. बघणाऱ्याची उंची मी उभ्या माणसाची धरली होती. ते कळल्यावर म्हणाले, "तुना कंपुटरमधला मानूस बठत नही का? दिनभर कोन उभा ऱ्हास?" मला हसू आलं, आणि आकडा बदलावाही लागला.

दुपारची भाकरी ते कायम त्या नाल्याकडे तोंड करून खात. त्यांचा धाकटा भाऊ डिंक गोळा करायला तिथेच उतरला होता आणि वणव्यात सापडला. शिखरावर राखणदार होता. त्याला धूर दिसला तोवर सगळं संपलं होतं. हे त्यांनी एकदाच सांगितलं, तुकडा मोडता मोडता. म्हणून त्यांना मनोरा डोंगराच्या खाली उतरत आलेल्या सोंडेवर हवा होता. तिथून नाला थेट दिसतो.

मंजुरी एकाच मनोऱ्याची होती. शिखरावरून नकाशा जवळजवळ सगळा हिरवा होत होता, सोंडेवरून जेमतेम निम्मा. मी शिखर सुचवलं. नाल्याचा करडा ठिपका मला दिसला नव्हता, असं नाही. नकाशा दाखवला तेव्हा आबांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. "बठ्ठं जंगल दिसी ऱ्हायनं, पोरी. मना भाऊ दिसत नही." आवाज चढला नाही, कपाळाला आठी नाही. मला मान वर करवेना. तरी अहवाल मी बदलला नाही. मनोरा शिखरावरच उभा राहिला.

निवृत्तीनंतर आबा उन्हाळाभर त्या सोंडेवरच्या दगडावर जाऊन बसू लागले. ना पगार, ना हुकूम. एका चैत्रात नाल्यातला धूर दिसला तो त्यांनाच. हाका मारमारून डिंक वेचणाऱ्या दोघी बायांना त्यांनी बाहेर काढलं. मनोऱ्यावर ते नंतर फोनने कळलं. मी माफी मागायला गेले, तर त्यांनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. "तुना मनोरा चांगला शे," म्हणाले. "फक्त तो दूरनंच देखस." त्यानंतर दर उन्हाळ्यात मी जात राहिले.

मागच्या हिवाळ्यात आबा गेले. यंदा दुसऱ्या मनोऱ्याचं काम माझ्याकडे आलं. लॅपटॉप न उघडता आधी नाल्यात उतरले आणि वर पाहिलं. शिखरावरचा मनोरा कुठेच दिसेना. सोंडेवरचा दगड मात्र लख्ख समोर. भेटायला येताना दरवेळी इथूनच त्यांना हात करायचे, तसा आपसूक हात वर गेला. दगडावर कोणी नव्हतं.

फार रडू आलं. मग तिथेच खडकावर बसून मी लॅपटॉप उघडला आणि पहिला बिंदू त्या दगडावर ठेवला. बघणाऱ्याची उंची भरली, बसलेल्या माणसाची.