झिशाननं न सांगितलेलं नाव

झिशान आमच्या माडीवरच्या खोलीत दोन वर्षं राहिला. आजऱ्याचा. वडील बादशहा तिथल्या बाजारात शिलाई मशीन घेऊन बसायचे. विद्यापीठात शिकणारा घरातला हा पहिलाच. विषय सूक्ष्मजीवशास्त्र. म्हणजे काय, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"जंतू वाढवायचे आन् मोजायचे, तात्या."

"ते आमच्या मोरीत आपसूक वाढत्यात," माझी बायको झुंबरबाई म्हणाली. "त्यासाठी आजऱ्याहनं कशाला आलास?"

मी माणूस कामावरून ओळखतो. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत चौतीस वर्षं साचे केले. वाळू थराथरानं ठासायची, प्रत्येक थराला तेवढाच जोर. वरून साचा गुळगुळीत दिसतो. खालचा थर सैल राहिला असेल तर लोखंड ओतल्यावर कळतं. कंटाळा केलेला साचा मी लाथेनं मोडायचो आणि परत करायला लावायचो. झिशानच्या कामाला मी पाय लावला नसता. सायकल पुसताना तो चाकाची तार न् तार पुसायचा. शर्ट स्वतः शिवायचा, आतली शिवणही सरळ. वहीत चुकलं तर पान फाडायचा नाही, रेघ मारून खाली पुन्हा लिहायचा. हे मला आवडायचं. त्याला तसं कधी बोललो नाही.

फौंड्रीत आमच्या खिडकीत एक पत्र्याचा डबा असायचा. ज्याच्या घरी गोळ्या उरतील त्यानं आणून टाकायच्या, ज्याला ताप येईल त्यानं घ्यायच्या. दोन गोळ्यांत अंग हलकं झालं की परत भट्टीपुढं. राहिलेल्या पुन्हा डब्यात, दुसऱ्याला होतील. मी निवृत्त झालो तेव्हा पोरांनी थट्टेनं तो डबाच मला दिला. मी तो खरोखरच चालवला. गल्लीत कुणाचा घसा धरला, दाढ सुजली, की लोक माझ्याकडं यायचे. माडीवर भाड्यानं राहणारी कॉलेजची पोरं परीक्षेच्या दिवसांत जास्त. डॉक्टरकडं त्यांचा अर्धा दिवस जायचा, माझ्याकडं दोन मिनिटं. मला त्याचा अभिमान होता.

झिशाननं एकदा डबा उघडून पाहिला. कापलेल्या पट्ट्या, अर्धी नावं.

"तात्या, ह्या पुऱ्या घ्याय लागत्यात. दोन घेऊन सोडल्या तर कच्चे जंतू मरत्यात आन् दांडगे ऱ्हात्यात."

"मग मी दांडगाच हाय म्हण की," मी म्हणालो. माडीवरची पोरं हसली. तोही हसला आणि झाकण लावून डबा जागेवर ठेवला.

शेवटच्या वर्षी एप्रिलमध्ये त्याला ताप आला. प्रॅक्टिकल सहा दिवसांवर. ते झालं की जूनपासून पुण्याला एका प्रयोगशाळेत नोकरी ठरलेली होती. तो दवाखान्यालाच निघाला होता. मी जिन्यात अडवला.

"रांगेत बसून दिवस घालवनार व्हय? ह्या घे."

"चारच हायत, तात्या."

"चारात म्हस उठून वैरण खाती."

त्यानं घेतल्या. माझा मान राखायला घेतल्या, हे मला तेव्हाही कळलं होतं.

दोन दिवसांत ताप उतरला. तिसऱ्या दिवशी तो पुस्तक घेऊन बसला आणि मी झुंबरबाईला "बघ" म्हणालो. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो हुडहुडी भरून पडला, पाणीही पोटात ठरेना. रिक्षात घालून मी त्याला दवाखान्यात नेला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "आधी काही घेतलं होतंस?"

झिशाननं माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं. "मेडिकलातनं गोळ्या घेतलत्या."

"कुठल्या?"

"नाव बघितलं न्हाय."

"सूक्ष्मजीवशास्त्र शिकतोस आणि नाव बघितलं नाहीस?" सगळ्या खोलीनं ऐकलं. "नाव कळलं नाही तर पुढचं औषध मला अंदाजानं द्यावं लागेल."

मी शेजारीच उभा होतो. हातात त्याच्या चपला होत्या. बोललो नाही.

सकाळी पहिल्या एसटीनं बादशहा आले. तापाचा आकडा खाली येत नव्हता. आधीच्या गोळ्यांमुळं रक्तात जंतू सापडणं अवघड झालंय, असं बाईंनी सांगितलं. बादशहा पोरावर कडाडले, "जंतूंचं शिकतोस आन् कुणाला न इचारता गोळ्या गिळतोस? ह्याच्यासाठी मी डोळं फोडून शिवतोय?" झिशाननं चादर तोंडावर ओढली. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो.

घरी आलो. झुंबरबाईनं विचारलं, "सांगितलंसा?"

"न्हाय."

"आन् दुसऱ्याचं साचं लाथंनं मोडत आलासा," ती म्हणाली आणि आत गेली.

दुपारी डबा घेऊन मी परत गेलो. बाईंनी तो टेबलावर उलटा केला. त्याच गोळ्यांच्या पट्टीचा उरलेला तुकडा त्यात होता, नावाची पुढची अर्धी अक्षरं शाबूत. तेवढ्यावरून त्यांना नाव कळलं.

"किती दिल्या?"

"चार."

त्यांनी लिहून घेतलं आणि औषध बदललं. बादशहा दारात उभे होते. मी म्हणालो, "बादशहाभाई, पोराची चूक न्हाय. गोळ्या मी दिल्या."

ते माझ्याकडं वळले. "मग सकाळी मी त्याला बोललो, तवा तुमी हितंच हुतासा की."

"व्हय."

ते आत गेले आणि पोराच्या कपाळावर हात ठेवून बसले. माझा पाय आत पडला नाही.

ताप नऊ दिवस राहिला. प्रॅक्टिकल गेलं. पुण्याच्या जागेवर दुसरा घेतला. झिशाननं ते प्रॅक्टिकल पुढच्या सत्रात दिलं. आता तो इथल्याच एका डेअरीत दूध तपासतो. येता-जाता घरी येतो. त्या गोष्टीबद्दल त्यानं एक अक्षर काढलेलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

परवा मला कणकण होती. त्यानं हात लावून पाहिला, "बसा मागं, तात्या" म्हणाला आणि गाडीवरून दवाखान्यात नेलं. पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पाचही दिवस तो कामावरून सुटला की आमच्या दारात थांबला, पट्टी हातात घेऊन रिकामी घरं मोजून गेला. मला ताप दुसऱ्याच दिवशी उतरला होता. मी तसं बोललो नाही. रोज पट्टी पुढं करत राहिलो.