ट्रेमधली पांढरी पावडर

नातसुनेनं फ्रिजचा बर्फाचा कप्पा उघडला, गार वाफ तोंडावर आली आन् सणसवाडीची कंपनी आठवली. तिथं कसलंतरी धातूचं पानी ट्रेमधी गोठवायचे. मग मशिनीत तो बर्फ पानी न होताच उडून जायचा, खाली पिठाहून हलकी पांढरी पावडर उरायची. ट्रे मी काढायची. "मावशी, दम धरून हां, फुंकरीनं उडंल," सायेब म्हनायचा. त्या दिशी माझं मालक शिरूरला दवाखान्यात व्हतं, त्यांनीच मला कामावर धाडलेलं. ट्रे हातात असतानाच सायेब दारात आला. "मावशी, फोन आला. मालक गेलं तुमचं." मी दम धरूनच ट्रे टेबलावर ठेवला. पावडर जरा बी हालली न्हाई. मग भाईर येऊन रडाया बसले, तर डोळं कोरडंच. नातसून म्हनली, "आज्जी, गार लागलं का?" म्हनलं, "न्हाई गं, लाव दार."