काकांनी मोठी केलेली खिडकी

कॅशियर काका जेवतानासुद्धा खिडकी बंद करत नसत. एका हातात पोळीचा तुकडा, दुसऱ्या हातात शिक्का. मी त्याच इस्पितळात रक्त तपासायची. मराठी बोलायला मिळावं म्हणून दुपारी डबा घेऊन त्यांच्या खोलीत जायची, आणि हा माणूस मला धड दोन घास खाऊ द्यायचा नाही. "पोरी, तुह्याजवळ सुट्टे हाय का?" हे ठरलेलंच.

लखनौच्या त्या सरकारी इस्पितळात पावती दाखवल्याशिवाय कुणी रोग्याला हात लावत नसे, आणि पावतीची खिडकी एकच. तीही एवढीशी, कमरेच्या उंचीवर. काका वैतागायचे, "मले नुसते हातच दिसते. रडणारं कोण, घाईचं कोण, कसं समजंन?" मोठ्या खिडकीसाठी केलेले त्यांचे अर्ज वर गेले ते गेलेच. शेवटी एका रविवारी त्यांनी पदरचे पैसे देऊन सुताराकडून खिडकीभोवतीची फळी कापून घेतली. साहेब संतापले, पण कापलेली फळी पुन्हा जोडणार कोण?

मग काय, काका राजे झाले! रांगेत मागे कोणी कळवळताना दिसलं की मान बाहेर काढून ओरडायचे, "अम्मा, आप आगे आइए! भैया, ज़रा रास्ता दीजिए." रांग कुरकुरायची, पण सरकायची.

आंब्याच्या दिवसांत मलिहाबादचा एक बागवान तापाने फणफणलेलं मूल घेऊन आला. वॉर्डाने त्याला पावतीसाठी परत पाठवलं होतं. मूल मांडीवर घेऊन तो खिडकीसमोरच खाली बसला. काकांनी पावती फाडली, मूल स्वतःच उचललं आणि वॉर्डाकडे धावले. गल्ल्याला कुलूप लावायचं राहिलं. मूल नर्सच्या हाती देऊन परतले, तोवर गल्ला रिकामा.

चोराचा हात मोठ्या खिडकीतूनच आत गेला, असं म्हणून चौकशीत सगळा दोष खिडकीवर आला. रक्कम काकांच्या पगारातून कापली. खिडकीवर पत्रा ठोकून पूर्वीहून लहान भोक ठेवलं आणि काकांना गोदामात बसवलं. मी पुष्कळ भांडले, पण माझं कोण ऐकतंय!

निवृत्त होऊन ते नागपूरला निघाले तेव्हा मी चारबाग स्टेशनवर गेले. त्यांचा मुलगा "पापा, अंदर बैठिए" म्हणत होता. काका डब्याच्या दारातून हलेनात. "पोरी, एक गोष्ट विचारायचा धीरच झाला नाही. त्या लेकराचं काय झालं?"

त्याचं रक्त घ्यायला मीच गेले होते. नर्स त्याच्या तोंडावर चादर ओढत होती; सुई काढायची वेळच आली नाही.

"बरं होऊन घरी गेलं, काका."

"मंग झालं," ते म्हणाले. "खिडकी कामी आली."

गाडी सुटेपर्यंत मी कशीबशी हसत होते. मग मात्र रडू आवरेना.